सावलीचा हिशेब

आमच्या सोसायटीच्या फाटकाशी एक वर्षावृक्ष आहे. कुणी त्याला विलायती शिरीष म्हणतात. संध्याकाळ झाली की तो आपली पाने मिटून घेतो आणि खालच्या बाकावर बसणारी आम्ही पेन्शनर मंडळी ‘चला, झाडसुद्धा झोपलं’ असे म्हणत उठतो. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला सोसायटीचा सेक्रेटरी करायची आपल्याकडे पद्धत आहे. त्याला हिशेब येतात आणि त्याच्याकडे वेळ असतो, एवढ्या दोन गुणांवर ही निवड होते. तशी ती माझीही झाली.

चार वर्षांपूर्वी जनरल बॉडीत ठराव झाला, की पावसाळ्याआधी हे झाड जरा ‘हलके’ करून घ्यावे. एक मोठी फांदी पार्किंगवर आली होती. मी रीतसर परवानगी काढली, तीन कोटेशने मागवली आणि त्यातले सर्वांत कमी रकमेचे मंजूर केले. बँकेत आयुष्यभर हेच केले होते. ठरल्या दिवशी सकाळी टेम्पो आला. त्यातून चार माणसे उतरली. कोयते, एक करवत आणि नायलॉनचा दोर. त्यांच्यातला सगळ्यांत लहान, असेल वीस-एकवीस वर्षांचा, चपला काढून, खोडाला हात लावून नमस्कार करून वर चढला. मी खालून विचारले, ‘अरे, पट्टाबिट्टा काही नाही का?’ तो हसून म्हणाला, ‘कशाला काका? लहानपणापासून चढतोय.’ मला बरे वाटले. विचारायचे ते मी विचारले होते.

साडेअकराच्या सुमारास तो पडला. फांदी तो वरून कापत होता. ती पुरती कापली जाण्याआधीच स्वतःच्या वजनाने चिरफाळली, खोडाच्या सालीचा लांब पट्टा ओढत खाली आली आणि येताना त्यालाही घेऊन आली. जीव वाचला, पण कमरेचे हाड मोडले. तिसऱ्या दिवसापासून कंत्राटदाराचा फोन लागेना. सोसायटीने वर्गणी काढली, काही दिवस हळहळ केली आणि मग पावसाळा सुरू झाला. माझ्या फायलीत मात्र ते व्हाउचर राहिले. त्यावर माझ्याच अक्षरात लिहिले होते : ‘झाडछाटणी, ठोक.’ खाली माझी सही. त्या ‘ठोक’मध्ये विमा, दोर, शिक्षण यातले काहीच मोजलेले नव्हते.

पुढच्याच वर्षी मुलीकडे अमेरिकेत गेलो. ती कनेक्टिकट राज्यात राहते. शेजाऱ्याच्या मेपलची एक फांदी काढायची होती आणि मी खिडकीतून पाहत होतो. आलेली माणसे पहिली पंधरा-वीस मिनिटे झाडाला हातच लावीनात. झाडाभोवती फिरली, खोडाची ढोली टकटक वाजवून पाहिली, विजेची तार कुठून जाते ते बोटाने एकमेकांना दाखवले, मग कोंडाळे करून बोलत उभी राहिली. त्यानंतर डोक्यावर शिरस्त्राण आणि कमरेला पट्टे असलेला एक जण दोराने स्वतःला बांधून वर गेला. फांदीला त्याने आधी खालच्या बाजूने काप दिला, मग वरून. ती मुकाट्याने, दोराला लटकत खाली आली. मुलगी म्हणाली, ‘बाबा, इथे हे काम करायला परवाना लागतो. परीक्षा असते त्याची.’

झाड कापायची परीक्षा! मला हसू आले आणि लगेच ते व्हाउचर आठवले. उरलेला मुक्काम मी गावच्या वाचनालयात घालवला. या परीक्षेमागे एका संस्थेची शंभर वर्षांची कथा आहे आणि ती त्याच राज्यात सुरू झाली आहे. आज ती ‘इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरिकल्चर’ या नावाने ओळखली जाते. झाडांची निगा राखणाऱ्यांची, म्हणजे आर्बरिस्टांची ही संघटना. आपण त्यांना वृक्षवैद्य म्हणू.

झाडांचे डॉक्टर आणि झाडांचे वैदू

कथेची सुरुवात साथीच्या रोगाने होते. १९०४ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयात चेस्टनटची झाडे एकाएकी सुकू लागली. आशियातून आणलेल्या झाडांबरोबर आलेली ती एक बुरशी होती. पुढच्या चार-पाच दशकांत अमेरिकेच्या पूर्वेकडच्या जंगलांतले सुमारे चार अब्ज चेस्टनट तिने संपवले. आपल्याकडे उद्या आंबा नाहीसा झाला तर काय वाटेल, त्यावरून या नुकसानीची कल्पना करावी.

झाडांवर उपचार करता येतो हा विचार तोवर लोकांपर्यंत पोहोचला होता. तो पोहोचवणारा मुख्य माणूस जॉन डेव्ही. जन्म १८४६, इंग्लंडमधल्या सॉमरसेट परगण्यातला. शेतावर काम करणारा हा मुलगा वयाची विशी ओलांडेपर्यंत निरक्षर होता. १८७३मध्ये तो अमेरिकेत आला, ओहायोतल्या केंट गावी स्थिरावला. तिथल्या दफनभूमीची देखभाल करता करता त्याने झाडे वाचवण्याचे प्रयोग केले आणि १९०१ साली ‘द ट्री डॉक्टर’ नावाचे पुस्तक स्वतःच छापून काढले. १९०९मध्ये त्याची कंपनी उभी राहिली. त्याच्या दोन वर्षे आधी, १९०७ साली, फ्रान्सिस बार्टलेट यानेही असाच व्यवसाय मांडला होता.

जिथे डॉक्टर चालतो तिथे वैदूही येतो. खोडाला भोक पाडून त्यात कसलीशी पूड भरणारे, झाडाचा शेंडाच उडवून ‘आता जोमाने फुटेल’ असे सांगणारे दारोदार फिरू लागले. घरमालकाला खरा जाणकार कोण आणि भोंदू कोण हे कळायला मार्ग नव्हता. झाड काही तक्रार करत नाही. चुकीच्या उपचाराने ते मरायचे असले तरी पाच-दहा वर्षे घेते. तोवर वैदू पैसे घेऊन तीन गावे पुढे गेलेला असतो.

म्हणून कनेक्टिकटच्या विधिमंडळाने १९१९ साली कायदा केला, की पैसे घेऊन झाडांवर उपचार करणाऱ्याने आधी आपले ज्ञान सिद्ध केले पाहिजे. तपासणीसाठी एक परीक्षा मंडळ आले. आता बँकेतल्या माणसाला जी अडचण लगेच दिसेल ती मंडळालाही दिसली. परीक्षा घ्यायची, पण कशाची? कुठली छाटणी बरोबर, कुठले औषध चालते, याबद्दल दोन जाणकारांचे एकमत नव्हते. तेव्हा १९२४ साली या मंडळाने व्यावसायिक आणि शास्त्रज्ञ यांची एक बैठक बोलावली. सावलीच्या झाडांचे प्रश्न हा विषय होता. तिथे जमलेल्यांच्या लक्षात आले, की ज्याचे त्याचे ज्ञान ज्याच्या त्याच्या खिशात आहे. ते एकत्र करायला आणि वाटायला जागा हवी. त्यातून ‘नॅशनल शेड ट्री कॉन्फरन्स’ जन्माला आली.

मला हे नावच फार आवडले. सावलीच्या झाडांची परिषद! फळांच्या झाडांना बागाईतदार असतो, इमारती लाकडाला जंगलखाते असते. सावली देण्याखेरीज काही न करणाऱ्या झाडाला आपले म्हणणारे कुणी नव्हते. त्याच सुमारास, १९२८ साली, आपल्याकडे मुंबईत बँकवाल्यांची ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकर्स’ सुरू झाली. आमच्या पिढीने तिच्या परीक्षा दिल्या. इन्क्रिमेंट मिळते म्हणून दिल्या, हे खरे. पण नोकरी आणि व्यवसाय यांत फरक असतो, दुसऱ्याचे जपायला घेतले की आपल्यावर काही नियम येतात, हे पहिल्यांदा त्या पुस्तकांतूनच कळले होते.

एल्म आणि रॉबिन

परिषदेला पहिली दहा वर्षेही शांततेची मिळाली नाहीत. १९३० साली ओहायोत एल्म वृक्षांचा रोग सापडला. युरोपातून आलेल्या ओंडक्यांबरोबर तो आला होता. साल पोखरणारे बारीक भुंगेरे ही बुरशी एका झाडावरून दुसऱ्यावर नेत आणि शेजारशेजारच्या झाडांची मुळे जमिनीखाली एकमेकांना जुळलेली असली तर ती त्या वाटेनेही पसरे. अमेरिकेतल्या कितीतरी गावांचे रस्ते म्हणजे दोन्ही बाजूंच्या एल्मच्या फांद्यांनी धरलेला मांडव. कनेक्टिकटमधल्या न्यू हेवनचे तर टोपणनावच ‘एल्म सिटी’. ते मांडव एकामागून एक कोसळले.

झाडे वाचवायची म्हणून दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटीची फवारणी सुरू झाली. मिशिगन राज्यातल्या ईस्ट लॅन्सिंगच्या विद्यापीठात १९५४पासून एल्मवर ती होऊ लागली. गळलेली पाने गांडुळांनी खाल्ली, गांडुळे रॉबिन पक्ष्यांनी खाल्ली आणि रॉबिन तडफडून मरू लागले. रेचल कार्सन यांच्या १९६२ सालच्या ‘सायलेंट स्प्रिंग’ या पुस्तकात ही हकीकत आली आणि जगभर पोहोचली. झाडांवर प्रेम करणाऱ्यांच्याच हातून पाखरे मेली होती. चांगला हेतू आणि अपुरे ज्ञान एकत्र आले की काय होते, याचा हा धडा या व्यवसायाला फार महागात मिळाला. पुढे फवारणीवरचा भर कमी झाला. रोगट झाड वेळेवर काढणे, मुळांचा सांधा तोडणे, निरनिराळ्या जातींची झाडे लावणे असल्या कंटाळवाण्या पण खऱ्या उपायांकडे लोक वळले.

एका आईची पत्रे

या इतिहासातले ज्या पानापाशी मी बराच वेळ थांबलो, ते आता सांगतो. १७ ऑक्टोबर १९६७ रोजी न्यूयॉर्क राज्यात झाडछाटणी करताना एक तरुण विजेच्या धक्क्याने मेला. अशी बातमी आपण वर्तमानपत्रात वाचतो आणि पान उलटतो. त्याची आई न्यूबर्ग गावात राहत असे. तिने १९६८ साली पत्रे लिहायला सुरुवात केली. सरकारी खात्यांना लिहिली, या धंद्यातल्या लोकांना लिहिली. मागणी एकच : झाडांवर काम करणाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी देशभर लागू होईल असे मानक करा.

त्या पत्रांची दखल घेतली गेली. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने समिती नेमली आणि तिचे सचिवपद सावलीच्या झाडांच्या परिषदेकडे दिले. १९६१मध्ये या परिषदेने आपल्या नावातले ‘नॅशनल’ काढून ‘इंटरनॅशनल’ केले होते. १९७२च्या डिसेंबरात पहिले मानक मंजूर झाले. झेड १३३ असे त्याचे रुक्ष नाव आहे. काम सुरू करण्याआधी सगळ्यांनी एकत्र बोलायचे, वर असताना दोराने बांधून घ्यायचे, तारांपासून अमुक अंतर ठेवायचे, वरचा माणूस जखमी झाला तर त्याला उतरवता येणारा दुसरा माणूस जवळ हवा, असले नियम त्यात आहेत. मुलीच्या खिडकीतून मी पाहिलेले कोंडाळे म्हणजे हेच. मला ती माणसे वेळ काढताहेत असे वाटले होते.

१९७६ साली सेंट लुईस शहरात या संघटनेने झाडावर चढण्याची स्पर्धा सुरू केली. आज ती जागतिक स्पर्धा झाली आहे. चढण्याचा वेग त्यात मोजतातच. पण एक प्रकार असा असतो, की झाडावर जखमी कामगार म्हणून एक बाहुला ठेवलेला असतो आणि त्याला ठरल्या वेळात अलगद जमिनीवर आणायचे असते. आमच्या वर्षावृक्षाखाली त्या दिवशी तीन माणसे उभी होती. तिघेही वर बघत होते. आणि चौथा मी, तोही वर बघत होतो.

पन्नास वर्षांची चूक

याच दशकात या व्यवसायाची सर्वांत मोठी परीक्षा झाली आणि ती घेणारा माणूस चेनसॉ हातात घेऊन आला. ॲलेक्स शायगो (१९३०–२००६) हा अमेरिकी वनखात्यातला शास्त्रज्ञ. झाडाचे लाकूड आडवे कापून वाढीची वर्तुळे मोजण्याची रीत जुनी होती. शायगोने झाडे उभी चिरली. एक-दोन नव्हे, सुमारे पंधरा हजार. आणि जखम झाल्यावर झाड आतून काय करते ते पाहिले.

त्याला असे दिसले की झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. कुजलेला भाग पुन्हा कधी निरोगी होत नाही. झाड त्या भागाभोवती भिंती घालते, त्याला कोंडून टाकते आणि बाहेरून नवे लाकूड चढवत पुढे जाते. १९७७ साली त्याने ही मांडणी प्रसिद्ध केली. तिचे परिणाम सरळ होते. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे एक फुगीर वळी असते. भिंत घालण्याची ताकद तिथे असते. ती वळी राखून फांदी कापली पाहिजे. वृक्षवैद्य तर कैक पिढ्या फांदी खोडाला सपाट लावून कापत आले होते. त्यांना ते काम सफाईदार वाटे. जखमेला रंग किंवा डांबर फासण्याने कूज थांबत नाही, हेही दिसले. आणि ढोली खरवडून, तिच्यात सिमेंट भरण्याची जी कला या व्यवसायाचा अभिमान होती, तिच्यात खरवडताना झाडाने घातलेली भिंतच फुटत होती.

पन्नास वर्षांहून अधिक काळ ज्याचे पैसे घेतले, तेच चुकीचे होते! विरोध झाला, वाद झाले. शायगोचा स्वभावही काही मवाळ नव्हता. परंतु हळूहळू पाठ्यपुस्तके बदलली, परीक्षेतले प्रश्न बदलले. कालपर्यंतचे बरोबर उत्तर आज चूक ठरले. संघटनेने १९९२ साली स्वतःची प्रमाणपत्र परीक्षा सुरू केली. अनुभवाशिवाय तिला बसता येत नाही आणि मिळालेले प्रमाणपत्र दर तीन वर्षांनी नवे करून घ्यावे लागते, मधल्या काळात नवे शिकल्याचा पुरावा देऊन. एकदा पास झालो की जन्माचे शहाणे, असा कारभार नाही. मी ज्या परीक्षा दिल्या त्यांना ही अट असती, तर आम्ही किती जण टिकलो असतो कोण जाणे.

आपले काय?

आपल्याकडे हे ज्ञान नव्हते असे कुणी म्हणू नये. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत, म्हणजे सहाव्या शतकात, वृक्षांच्या चिकित्सेवर अध्याय आहे. सुरपालाचा ‘वृक्षायुर्वेद’ तर स्वतंत्र ग्रंथ. वात, पित्त, कफ लावून झाडांच्या रोगांचा विचार त्यात आहे. त्याचे हस्तलिखित ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात होते. डॉ. य. ल. नेने यांच्या पुढाकाराने ते उपलब्ध झाले आणि नलिनी साधले यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १९९६ साली प्रसिद्ध झाला. दोन्ही नावे मराठी आहेत याचा आनंद वाटतो. पण मधल्या शतकांत काय झाले? सुरपालाचे कुठले म्हणणे टिकते आणि कुठले नाही, हे पंधरा हजार झाडे चिरून पाहणारा कुणी नव्हता आणि पाहिलेच असते तर ते सांगायला परिषद नव्हती. ज्ञान पोथीत राहिले आणि झाडावर चढणारा मुलगा निरक्षर राहिला.

हातात कसब नव्हते असेही नाही. हावड्याच्या वनस्पती उद्यानातल्या प्रचंड वटवृक्षाचे मूळ खोड बुरशीने पोखरले तेव्हा १९२५ साली ते काढून टाकले. तो वड आजही आपल्या पारंब्यांवर उभा आहे.

कायदाही आहे. महाराष्ट्राचा नागरी क्षेत्रांतील झाडांच्या जतनाचा कायदा १९७५चा. वृक्ष प्राधिकरण, वृक्ष अधिकारी, दर पाच वर्षांनी गणना हे सारे त्यात आहे. २०२१च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसावृक्षांचा मान दिला. त्याच वर्षी १७ मे रोजी तौक्ते वादळ आले आणि एकट्या मुंबईत दोन हजारांहून अधिक झाडे पडली. वादळाचा दोष मोठाच. पण बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतलेले, गटारासाठी एका बाजूची मुळे तोडलेले, एकाच अंगाने छाटलेले झाड उभे राहणार तरी कशाच्या आधारावर? दिल्लीत २०१३ साली राष्ट्रीय हरित लवादाला आदेश द्यावा लागला, की झाडांभोवतीचे मीटरभर काँक्रीट काढा. मी परवानगीसाठी जो अर्ज भरला होता त्यात झाडाची जात, उंची आणि छाटणीचे कारण विचारले होते. वर चढणार कोण, याला रकाना नव्हता. मलाही तो आठवला नाही.

परदेशातले सगळे उचलून आणावे असे माझे म्हणणे नाही. तिथली परीक्षा इंग्रजीत आणि महाग. आपल्याकडेही ती दिलेली मोजकी मंडळी आहेत, आणि ती आपल्या परीने चांगले काम करत आहेत. परंतु नारळावर, ताडावर, वडावर चढणारी जी हजारो माणसे आपल्या गावोगाव आहेत, त्यांना मराठीत, झाडाखाली उभे राहून शिकवणारी आणि त्यांच्याकडूनही शिकणारी एखादी सावलीच्या झाडांची परिषद आपल्याला का नसावी? तिकडेही सुरुवात एका राज्याच्या एका बैठकीनेच झाली होती.

यंदा पुन्हा छाटणीचा विषय निघाला. मी कोटेशनच्या नमुन्यात चार ओळी वाढवल्या : शिरस्त्राण, पट्टा आणि दोर, कामगारांचा विमा, खाली शिकलेला एक माणूस. रक्कम दुपटीहून जास्त आली. सभेत खडाजंगी झाली. ‘सेक्रेटरीसाहेब, झाड कापायचंय की ऑपरेशन करायचंय?’ असे एकाने विचारले. मी म्हटले, ऑपरेशनच आहे. ठराव दोन मतांनी मंजूर झाला.

छाटणीच्या दिवशी तो मुलगाही आला होता. मीच बोलावले होते. तो आता एका नर्सरीत रोपांना पाणी घालतो. उजवा पाय किंचित ओढतो. बाकावर माझ्या शेजारी बसून त्याने वर चढणाऱ्याचा पट्टा बराच वेळ निरखला, गाठ कशी मारली ते विचारून घेतले. मग त्याची नजर खोडावरच्या जुन्या जखमेकडे गेली. सालीचा तो फाटलेला पट्टा जिथून निघाला होता, तिथे चहूबाजूंनी नव्या लाकडाच्या जाड कडा आत सरकत आल्या आहेत.

‘भरत आली की काका जखम,’ तो म्हणाला.

मी नुसती मान डोलावली. झाडाची जखम भरत नसते, हे त्याला सांगायचे माझ्या जिवावर आले.